वारेचं माप

या शनिवारचा विषय आहे वार. सोमवार-मंगळवारातला वार नव्हे. बाळाच्या मागून पडते ती वार. डॉक्टर मंडळी तिला प्लॅसेंटा म्हणतात, पाठ्यपुस्तकात तिचं नाव अपरा. आमच्याकडे शिरपूरला आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला की बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या बायका "काय झालं?" च्या जोडीला "वार पडली का?" हे विचारणारच. वार आत अडकली तर बाई दगावते, हे त्यांनी आयुष्यात कधीतरी बघितलेलं असतं. घरी बाळंतपणं व्हायची तेव्हा सुईण वार उलटसुलट करून बघायची, पुरी आली ना याची खात्री करायची, आणि मग ती परसात पुरली जायची. तिची कहाणी तिथेच संपायची.

हल्लीच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये तिला बढती मिळालीय, पण एका ओळीची. घरातल्या 'कॉम्प्युटरवाल्या'कडे सगळी कागदपत्रं आपोआप येतात, त्या नियमाने वहिनीची फाइल माझ्याकडे आली होती. बाळाच्या डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. आणि वारेबद्दल? 'प्लॅसेंटा पोस्टीरिअर', म्हणजे गर्भाशयाच्या मागच्या भिंतीला. पत्ता आहे, माप नाही! बाळाचं सगळं रेशनपाणी ज्या अवयवातून येतं, तो केवढा आहे हे कुणीच मोजत नाही का?

मोजतात. आणि मोजायची गोष्ट भलतीच रंजक आहे. ती ग्लासगो, टोकियो, व्हिएन्ना अशी फिरते, पण तिचा सगळ्यात महत्त्वाचा मुक्काम पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आहे आणि तिच्यातून निघणारा प्रश्न आमच्या तापीकाठचा आहे. म्हणून हा लेख. (डिस्क्लेमर: मी सॉफ्टवेअरवाला आहे, डॉक्टर नाही. हा लेख वाचून डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये.)

आधी थोडी आकडेवारी. पूर्ण दिवसांच्या बाळाची वार साधारण अर्धा किलोची असते, म्हणजे बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. तिच्या आतले केसासारखे फाटे उलगडून पसरले तर दहा चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग भरतो, म्हणजे एका बऱ्यापैकी खोलीची फरशी. आईचं रक्त आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. या पृष्ठभागाच्या आरपार प्राणवायू, साखर, अमिनो आम्लं बाळाकडे जातात आणि कचरा परत येतो. शेवटच्या दिवसांत आईच्या बाजूने गर्भाशयाला मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त पुरवावं लागतं.

पण खरी मौज सुरुवातीला आहे. बाराव्या आठवड्यात बाळ असतं पाच-सहा सेंटिमीटरचं, वजन जेमतेम पंधरा ग्रॅम. त्याच वेळी वार असते साधारण साठ-सत्तर मिलिलिटरची, म्हणजे एक छोटा कटिंग चहा. बाळाच्या कितीतरी पट मोठी! आपल्या भाषेत सांगायचं तर आधी सर्व्हर उभा राहतो, लाइन टाकली जाते, आणि मग त्यावर ॲप्लिकेशन वाढतं. सर्व्हरच छोटा घेतला असेल तर पुढे लोड वाढल्यावर काय होतं ते आपल्याला रोजच्या अनुभवाने माहीत आहे. फरक इतकाच, की इथे मध्येच रॅम वाढवून देता येत नाही.

म्हणून डॉक्टरांना वारेचं माप लवकर हवं असतं. पहिल्या तिमाहीत वार लहान असेल तर पुढे बाळ कमी वजनाचं होण्याची किंवा आईचा रक्तदाब धोकादायकरीत्या वाढण्याची शक्यता जास्त असते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. शक्यता म्हटलं, भविष्यवाणी नव्हे. एकट्या या आकड्यावर निदान होत नाही. रक्ततपासणी आणि बाकी मोजमापांच्या जोडीने त्याला अर्थ येतो.

आता प्रश्न असा की पोटातली, वेडीवाकडी, गर्भाशयाच्या भिंतीला बशीसारखी चिकटलेली वस्तू मोजायची कशी? बाहेर आलेली वार तराजूत टाकता येते, पाण्यात बुडवून आर्किमिडीजच्या पद्धतीने मोजता येते. आत असताना ते जमणार नाही.

इथे शिरपूरकराला अजिबात घाबरायचं कारण नाही. आमच्या तालुक्यात २००४ पासून 'शिरपूर पॅटर्न'चं काम सुरू झालं. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांची कल्पना आणि अमरिशभाई पटेल यांचं पाठबळ. नाले रुंद आणि खोल करायचे, त्यांच्यावर सिमेंटचे बंधारे घालायचे, पाणी जमिनीत मुरवायचं. आता नाला काही चौकोनी डबा नसतो. कुठे रुंद, कुठे अरुंद, कुठे वळलेला. खोदलेली माती किती घनमीटर भरली हे इंजिनिअर कसं काढतो? ठरावीक अंतरावर नाल्याचे आडवे छेद घेतो, प्रत्येक छेदाचं क्षेत्रफळ काढतो, शेजारच्या दोन छेदांची सरासरी मधल्या अंतराने गुणतो आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज करतो. मोजमाप पुस्तिकेत (ठेकेदारांच्या भाषेत 'एम.बी.') आकडा चढतो तो असा. वाकड्या वस्तूचे काप करा, कापांची बेरीज करा. बस्स. वार मोजायचीही हीच रीत आहे.

आणि ही रीत आमच्या खानदेशाला नवी नाही. शिरपूरहून धुळं, धुळ्याहून चाळीसगाव, आणि तिथून डोंगराच्या पायथ्याला पाटणादेवी. तिथल्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला देणगी मिळाली, अशी त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे लीलावती शिकवायला खास काढलेली संस्था आमच्या जळगाव जिल्ह्यात होती, तीही आठशे वर्षांपूर्वी!

त्या लीलावतीत (साल ११५०) खातव्यवहार नावाचं प्रकरण आहे, म्हणजे खड्ड्यांचं गणित. खड्डा वेडावाकडा असेल तर लांबी, रुंदी, खोली बऱ्याच ठिकाणी मोजा, बेरजेला ठिकाणांच्या संख्येने भागा आणि मग गुणाकार करा, असं भास्कराचार्य सांगतात. खड्ड्याचं तोंड मोठं आणि तळ लहान असेल तर त्याचं वेगळं सूत्र दिलंय: तोंडाचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि दोन्हीकडच्या बाजूंची बेरीज करून येणाऱ्या आकृतीचं क्षेत्रफळ, या तिघांची बेरीज भागिले सहा, गुणिले खोली. ज्यांनी सिव्हिलवाल्या रूममेटची सर्व्हेइंगची वही चाळली असेल त्यांनी हे ओळखलं असेल. मातीकामासाठी आजही शिकवलं जाणारं प्रिझमॉइडल सूत्र ते हेच. गोलाचं पृष्ठफळ समजावताना त्यांनी आवळ्याची उपमा दिलीय: आवळ्यावर जशा उभ्या रेषा असतात तसे गोलाचे भाग पाडायचे. हा आवळा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागणार आहे. युरोपात कापांच्या बेरजेचं तत्त्व कावालिएरीच्या नावाने ओळखतात. त्याचं पुस्तक १६३५ सालचं.

तर गणित तयार होतं. अडचण होती ती चाकू न लावता काप घेण्याची.

तो चाकू सापडला बॉयलरच्या कारखान्यात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांना कळलं की धातूच्या जोडातली भेग शोधायला कारखान्यात अल्ट्रासाउंड, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज, वापरतात. १९५५ साली ते ऑपरेशन करून काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत घालून थेट बॅबकॉक अँड विल्कॉक्सच्या कारखान्यात गेले आणि त्या यंत्राखाली धरल्या. द्रव भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. पुढे टॉम ब्राउन नावाचा विशीतला इंजिनिअर त्यांना येऊन मिळाला आणि त्याने पोटाचा आडवा छेद दाखवणारं यंत्र बांधलं. डोनाल्ड, मॅकव्हिकार आणि ब्राउन यांचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सोनोग्राफीच्या इतिहासात डॉक्टरचं नाव सगळे घेतात, इंजिनिअरचं फार कमी. आपण तरी घेऊया. :)

त्या सुरुवातीच्या यंत्रांत प्रोब एका यांत्रिक हाताला जोडलेला असे, त्यामुळे कुठला काप कुठून घेतला हे यंत्राला ठाऊक असायचं. चित्र मात्र हलायचं नाही. नंतर रिअल-टाइम यंत्रं आली. प्रोब डॉक्टरच्या हातात मोकळा आला, बाळ हलताना दिसू लागलं, सगळे खूष. पण मोकळ्या हाताने घेतलेल्या दोन कापांत अंतर किती, हे आता यंत्राला कळेना. म्हणजे नाल्याचे छेद सुंदर काढले पण टेप घरी राहिली! घनफळ मोजणं उलट अवघड झालं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या हाऊ, व्हीलर आणि पेरिंग यांनी रिअल-टाइम यंत्रावर गर्भारपणाच्या मध्याला वार मोजायची रीत १९९४ साली प्रसिद्ध केली. आणि इथे पुणं गोष्टीत येतं.

साउदॅम्प्टनमध्येच डेव्हिड बार्कर नावाचे डॉक्टर होते. जन्मतः वजन कमी असलेली बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात, असं त्यांनी हर्टफर्डशर परगण्यातल्या जुन्या जन्मनोंदींवरून १९८९ साली दाखवलं. इकडे पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रोगी बघत होते आणि त्यांना वेगळाच प्रश्न छळत होता: आपल्याकडे अंगाने बारीक माणसांनाही मधुमेह का होतो? दोन्ही प्रश्नांचं मूळ आईच्या पोटात असेल तर तिथेच जाऊन बघायला हवं. साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल आणि के.ई.एम.ची मंडळी यांनी मिळून १९९० च्या दशकात 'पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी' सुरू केला. जागा: पुण्याजवळची सहा खेडी. डॉ. बानू कोयाजींच्या काळापासून के.ई.एम.चं त्या भागात ग्रामीण आरोग्याचं काम होतं, त्यामुळे लोक दारात उभं करत होते.

या अभ्यासातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट यंत्राची नाहीच. बायका गरोदर राहण्याची वाट न बघता कार्यकर्त्या आधीपासूनच घरोघर जात होत्या. दर महिन्याला पाळीची तारीख विचारायची, ठरावीक काळाने वजन-उंची घ्यायची. त्यातली जी बाई पुढे गरोदर राहील तिचं गर्भारपणाआधीचं वजन त्यामुळे हातात असायचं. डेटाबेसवर काम करणाऱ्यांना कळेल याची किंमत. घटना घडण्यापूर्वीचा रेकॉर्ड नंतर कितीही पैसे ओतले तरी मिळत नाही.

काय दिसलं? अभ्यासातल्या गरोदर बायकांचं सरासरी वजन होतं ४२ किलोच्या आसपास, उंची १५२ सेंटिमीटर. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. याज्ञिकांच्या गटाने २००३ साली दाखवलं की आपली बाळं बारीक दिसतात पण त्यांची चरबी त्या मानाने राखलेली असते, कमी असतो तो स्नायू. 'थिन-फॅट' बाळ म्हणून जगभर गाजलेली कल्पना ती हीच.

आणि वार? ते काम रेडिओलॉजिस्ट डॉ. अरुण किनरे आणि सहकाऱ्यांचं. पंधरा ते अठरा आठवड्यांच्या दरम्यान त्यांनी या खेड्यांतल्या बायकांच्या वारेचं घनफळ मोजलं, आणि निष्कर्ष २००० साली प्रसूतिशास्त्राच्या एका नामांकित अमेरिकन जर्नलमध्ये आला. ज्यांची वार मध्यावर लहान होती त्यांची बाळं जन्मतः हलकी होण्याकडे कल दिसला. संबंध फार घट्ट नव्हता, पण होता. आणि पुढचं वाक्य महत्त्वाचं: वारेच्या मापाचा संबंध होता आईच्या गर्भारपणाआधीच्या वजनाशी. म्हणजे आईचा हडकुळेपणा बाळापर्यंत ज्या वाटांनी पोचतो, त्यातली एक वाट वारेतून जात असावी.

जगात त्या वेळी त्रिमिती यंत्रं आलेली होती. टोकियो विद्यापीठात काझुनोरी बाबा यांनी १९८४ पासून खटपट करून १९८६ साली गर्भाचं त्रिमिती चित्र मिळवलं. ऑस्ट्रियातल्या क्रेट्झटेक्निक कंपनीने १९८९ साली बाजारात पहिलं त्रिमिती यंत्र आणलं. (ही कंपनी २००१ साली जी.ई.ने घेतली, 'व्होल्युसन' हे नाव सोनोग्राफी सेंटरच्या पाटीवर तुम्ही वाचलं असेल, ते तिचंच.) या यंत्रांनी हरवलेली टेप परत आणून दिली. प्रोबच्या आत मोटर असते, ती ठरावीक कोनातून फिरते, म्हणून प्रत्येक काप कुठला हे यंत्राला नेमकं ठाऊक असतं. सगळे काप रचून एक ठोकळा तयार होतो. आपल्या भाषेत त्रिमिती ॲरे, पिक्सेलऐवजी व्हॉक्सेल.

मग येतं सॉफ्टवेअर, नाव 'व्होकॅल'. हे वारेला एका आसाभोवती फिरवतं, आणि दर तीस, पंधरा, नऊ किंवा सहा अंशांवर थांबून तुम्हाला एक छेद दाखवतं. तुम्ही त्यावर माउसने वारेची कड आखायची. तीस अंशांना सहा छेद, सहा अंशांना तीस. झालं की ते घनफळ सांगतं. आठवला का आवळा? आसाभोवतीच्या उभ्या फोडी! नाल्याची समांतर कापांची रीत आणि ही आवळ्याची रीत, दोन्ही जुन्याच. फक्त आता त्या साठ-सत्तर मिलिलिटरच्या वस्तूवर चालतात. व्हिएन्नातल्या मेट्झेनबाउअर आणि सहकाऱ्यांनी गर्भारपणाच्या सुरुवातीला त्रिमिती सोनोग्राफीने वार मोजून ते माप आईच्या रक्तातल्या, वारेनेच बनवलेल्या द्रव्यांशी ताडून बघितलं. तो लेख २००१ सालचा.

कागदावर सोपं वाटतं, प्रत्यक्षात नाही. बाराव्या आठवड्यात वार आणि गर्भाशयाची भिंत पडद्यावर जवळजवळ एकाच करड्या रंगाची दिसतात. कड कुठे आखायची यावर दोन डॉक्टरांचे दोन आकडे येऊ शकतात. गर्भाशय मध्येच आकसलं तर वारेचा आकारच बदलतो. शिवाय हे सगळं हाताने आखायला वेळ लागतो, आणि बाहेर बाकड्यावर वीस जणी बसल्यात. म्हणूनच रिपोर्टात पत्ता असतो, माप नसतं.

यावर तोडगा कुणी काढला? आपल्याच जातीच्या लोकांनी. ऑक्सफर्डच्या सॅली कॉलिन्स आणि सहकाऱ्यांच्या गटाने २०१८ साली एक न्यूरल नेटवर्क प्रसिद्ध केलं. पहिल्या तिमाहीतल्या २,३९३ त्रिमिती ठोकळ्यांवर ते शिकवलं होतं आणि ते माणसाने कड न आखता वार वेगळी काढून मोजतं. म्हणजे तंत्राचा प्रश्न सुटत आलाय. उद्या शिरपूरच्या सेंटरमधल्या यंत्रातही हे बटण येईल, वीस जणींपैकी प्रत्येकीच्या रिपोर्टात 'वार: अमुक मिलिलिटर' असं छापून येईल.

मग? त्या बाईचं आपण काय करणार?

इथे या गोष्टीचा आकार जरा नीट बघितला पाहिजे. आधी आपण बाळ जन्मल्यावर वजन करायचो. मग पुण्याच्या मंडळींनी मोजणी अठराव्या आठवड्याच्या अलीकडे आणली. त्रिमिती यंत्राने ती बाराव्या आठवड्यावर आणली. प्रत्येक पावलाला कारण शोधायला आपण काळात मागे सरकतोय. आणि सगळ्यात मागे, जिथे यंत्राचं कामच संपतं, तिथे काय आहे? गर्भारपणाआधीचं आईचं वजन. अडीच कोटींचं यंत्र असो वा ऑक्सफर्डचं नेटवर्क, बोट शेवटी दाखवतं ते वजनकाट्यावर उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे. (अडीच कोटी हा आकडा मी नुसता बोलायला घेतलाय, कोटेशन मागू नका.)

आता आमच्या तापीकाठची दुसरी गोष्ट. ती तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण यंत्र तेच आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, साल १९८८. केंद्राचा कायदा १९९४ चा, लागू झाला १९९६ पासून. तो कागदावरच राहतोय म्हणून मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' या संस्था आणि साबू जॉर्ज २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले. २००३ साली कायदा आणखी कडक झाला. या सगळ्या धावपळीच्या मधल्या दहा वर्षांत आमच्या शेजारच्या, सुपीक, केळी-कापसाच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ ला ८८० होत्या, त्या २०११ ला ८४२ झाल्या. राज्याचा आकडा ९१३ वरून ८९४ वर आला. म्हणजे ज्या यंत्राने वार मोजता आली असती, ते आपल्याकडे कित्येकांनी भलतंच बघायला वापरलं. म्हणून आज सोनोग्राफीआधी वहिनीला 'एफ' फॉर्म भरावा लागतो, गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही असं लिहून सही करावी लागते, आणि भिंतीवर ती पाटी असते. कटकट वाटते खरी. पण ती कटकट आपण कमावलेली आहे.

या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. पहिल्या गोष्टीत शास्त्र सांगतं की पुढच्या पिढीच्या बाळाची तब्येत आजच्या मुलीच्या ताटात आहे. दुसऱ्या गोष्टीत आपण त्या मुलीला एकतर येऊच देत नाही, आणि आली तर ताट सगळ्यात शेवटी वाढतो. मग विशीत तिचं लग्न, वर्षात पाळणा, आणि बेचाळीस किलोच्या अंगातून तीन किलोच्या गुटगुटीत नातवाची अपेक्षा.

सरकार काही करत नाही असंही नाही. २०१६ पासून 'प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना'त दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. पण ती आखलीय दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीसाठी. आदिवासी भागात २०१५ पासून 'अमृत आहार' योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आणि भिल्लांची गावं आहेत, तिथे असं जेवण म्हणजे फार मोठी गोष्ट. पण हीसुद्धा दिवस गेल्यानंतरचीच. वारेचा पाया तोवर घातला गेलेला असतो.

दिवस जाण्याआधी खाऊ घातलं तर फरक पडतो का? हे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत करून बघितलंय. 'सरस' नावाच्या प्रकल्पात २००६ पासून काही वर्षं बायकांना गर्भारपणाआधीपासून रोज एक खाऊ दिला गेला: पालेभाज्या, फळं, दूध घालून केलेला, समोशाच्या जातीचा. दुसऱ्या गटाला कमी पौष्टिक खाऊ. २०१४ साली निकाल आला. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठळक फरक नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरलं. आणि अगदी हडकुळ्या बायकांमध्ये हा फायदा दिसला नाही. याचा मी लावलेला अर्थ असा: तीन महिने आधी हेसुद्धा काहींसाठी उशिराचंच आहे. पुण्याच्या गटाला बहुधा असंच काहीसं वाटलं असावं, कारण त्या सहा खेड्यांत जन्मलेली बाळं मोठी झाल्यावर, २०१२ पासून, त्या किशोरवयीन मुलामुलींनाच बी-१२ जीवनसत्त्व देऊन बघायचा प्रयोग त्यांनी सुरू केला. त्यांना मुलं होतील तेव्हा त्या बाळांत काय फरक पडतो हे बघायला. एका अभ्यासाच्या बाळांपासून त्यांच्या बाळांपर्यंत! आपल्याकडे तीन महिन्यांची डेडलाइन आली की आपण रिसोर्स मागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण पाचातली एक बाई उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली. सोनोग्राफी सेंटरच्या बाकड्यावरच्या वीस जणींत अशा चारेक असणार. त्यांच्या वारेचं माप छापून देणारं बटण यावं, मला ते हवंच आहे, आणि जमलं तर त्याचा कोड लिहायलाही आवडेल. पण त्याआधी दुसरा एक रेकॉर्ड हवा, जो त्या सहा खेड्यांतल्या कार्यकर्त्या पायपीट करून लिहून आणत होत्या. तुमच्या घरात, गावाकडे, कामाला येणाऱ्या मावशींकडे पंधरा-वीस वर्षांची मुलगी असेल तर तिचं वजन किती आहे, विचारून बघा. तिला तरी माहीत आहे का ते? आणि घरात दूध सगळ्यांत शेवटी कुणाच्या पेल्यात पडतं, तेही आज रात्री जेवताना बघा.

पुढच्या शनिवारी भेटू. पाटणादेवीच्या त्या शिलालेखावर एक स्वतंत्र लेख लिहायचा बेत आहे.